परकी शेपटी

काळथर बेटावरचा उंदीर एका मंगळवारी सकाळी अकरा वाजून सहा मिनिटांनी नाहीसा झाला. मेला नाही, त्या वेळी तो बहुधा एखाद्या कपारीत खेकड्याची नांगी फोडत बसला असेल. फक्त नोंदवहीतून त्याचं नाव गेलं, आणि २०४१ साली नोंदवहीत नाव नसलेल्या प्राण्याला कुणी विचारत नसे.

हे कळवणारा निरोप आला तो डॉ. कुमुदिनी नाबर यांच्या फोनवर. त्यांना जाऊन एकोणीस दिवस झाले होते. फोन त्यांच्या मुलीच्या, ऋजुताच्या, उशाशी होता. तो बंद करायचं तिचं रोज राहून जात होतं.

'आदरणीय डॉ. नाबर,' निरोपात लिहिलं होतं, 'आपण २००५ साली वर्णन केलेली क्रेम्नोमिस गिरपी ऊर्फ काळथरी उंदीर ही जाती जनुकीय तपासणीत साध्या काळ्या उंदराशी ९९.७ टक्के जुळली आहे. सबब हे नाव रद्द करण्यात येत आहे. सहकार्याबद्दल आभार. ही सेवा आपल्याला कशी वाटली? कृपया पाचपैकी तारे द्या.'

ऋजुतानं एकही तारा दिला नाही. निरोप मात्र तीनदा वाचला. वाचणं हा तिचा पेशाच होता. पुण्याच्या एका प्रकाशनसंस्थेत ती मुद्रितशोधक होती. पुस्तक आधी यंत्र तपासायचं आणि मग ती. यंत्राला ऱ्हस्वदीर्घ, जोडाक्षरं, विरामचिन्हं सगळं कळायचं. पण पाचव्या प्रकरणात वारलेला मामा नवव्या प्रकरणात चहा पिताना दिसला, तर तो दिसायचा ऋजुतालाच. म्हणून तिची नोकरी टिकली होती. आईच्या आजारपणात तिनं काम मालवणला घरी आणलं होतं आणि ते अजून तिथेच होतं.

उरलेलं दुसऱ्या दिवशी जिल्ह्याच्या बातम्यांत कळलं. काळथरवर दर उन्हाळ्यात सुरय पक्षी हजारोंनी अंडी घालतात. काळा उंदीर हा जहाजांतून जगभर पसरलेला उपरा. बेटांवर तो अंडी आणि पिल्लं फस्त करतो, म्हणून बेटांवरून त्याला समूळ काढायचं असं सरकारी धोरण होतं. धोरण वाईट नव्हतं, दुसऱ्या काही बेटांवर त्यानं पक्षी वाचले होते. आता काळथरचा उंदीरही काळा उंदीर ठरल्यामुळे ते बेट यादीत चढलं होतं. सव्वीस फेब्रुवारीला ड्रोन बेटभर विषाच्या गोळ्या टाकणार होते. हातात सत्तावीस दिवस होते.

दुपारी जयवंत गिरप आले. वय शहात्तर, एका हातात बांगडे माशांची पिशवी, दुसऱ्या हातात काठी. तीस वर्षं आईला काळथरवर नेलं-आणलं ते त्यांच्या होडीनं.

"गो बाय, खरा काय ता?" पायरीवर टेकत त्यांनी विचारलं. "माझो उंदीर रद्द केल्यानी म्हणतत. आणि माका कागद नाय, पत्र नाय!"

उंदीर त्यांचाच होता, निदान नावानं. ज्या माणसाच्या होडीशिवाय काळथरवर पाय ठेवणं शक्य नव्हतं, त्याचं नाव आईनं त्या उंदराला दिलं होतं. गिरपांचा म्हणून गिरपी.

"मी तुझ्या आवशीक म्हटलंय, बाईनू, लोक देवळाच्या पायरीर नाव घालतत, तुमी उंदराक घालतास? तर म्हणता काय, गिरपानू, पायरी झिजतली. उंदीर तुमच्यापेक्षा जास्त टिकतलो." ते हसले आणि हसता हसता थांबले. "पस्तीस वर्सां गावात माका उंदीरमामा म्हणतत. आता काय म्हणतले?"

"मी बघते काका."

"बघ. पण बघूक उंदीर शिल्लक रवाक व्हयो मगे."

राष्ट्रीय जातिनोंदणी केंद्र पुण्यात होतं. तिथले उपसंचालक डॉ. पुष्कर वाळवे हे आईचेच विद्यार्थी. कॉलेजात असताना दोन वर्षं ते याच घरात जेवले होते आणि सोलकढीसाठी ऋजुताशी भांडले होते. पडद्यावर दिसले तेव्हा त्यांचे डोळे भरून आले, आणि थोडा वेळ दोघं आईबद्दलच बोलली.

"पुष्करदादा, यंत्र चुकलंय," शेवटी ऋजुता म्हणाली.

"चुकत नाही असं मी म्हणणार नाही ग. पण गेल्या सहा वर्षांत त्याच्यापेक्षा माझ्या चुका जास्त निघाल्यात."

मग त्यांनी समजावून सांगितलं, आई सांगायची तसंच, हातातला कप बाजूला ठेवून. जातीचं नाव प्राण्यांच्या कळपाला दिलेलं नसतं. कागदोपत्री ते एकाच मेलेल्या प्राण्याला बांधलेलं असतं. वर्णन करणारा माणूस एक नमुना निवडतो, त्याच्या कातड्यात कापूस भरून ते शिवतो, पायाला चिठ्ठी बांधतो आणि संग्रहालयात ठेवतो. त्याला प्ररूप म्हणतात. शंभर वर्षांनी वाद झाला तरी सगळ्यांनी जायचं त्या एका कातड्याकडेच. पूर्वी हे वाद दाढा आणि केस मोजत पिढ्यान्‌पिढ्या चालत. आता देशातली सगळी प्ररूपं केंद्रात आणली होती. तिथलं यंत्र कातड्याचा तिळाएवढा तुकडा घेई, त्यातल्या जनुकांची अक्षरं वाची, साडेचार कोटी नोंदींशी ताडून बघे आणि पंधरा मिनिटांत सांगे, हा अमुक. दोन उंदीर जातीनं वेगळे असले, तर यंत्र वाचतं त्या भागात हजार अक्षरांमागे निदान पन्नास वेगळी निघतात. आईच्या उंदरात तीन निघाली होती.

"तीन म्हणजे चुलत भाऊसुद्धा नाही," पुष्कर म्हणाले. "घरातलाच."

"मग बेटावर जाऊन जिवंत उंदीर धरा ना. तो तपासा."

"गेलो होतो. दोन रात्री पिंजरे लावले. शेंगदाणे, खोबरं, सगळं ठेवलं. एक शेपटी आली नाही पिंजऱ्यात. आणि खरं सांगू? आला असता तरी उपयोग नव्हता. प्ररूपच काळा उंदीर निघालं म्हटल्यावर ते नाव संपलं. बेटावर दुसरं काही निघालं, तर ते बिननावाचं. त्याची नवी नोंद व्हायला दोन वर्षं लागतात."

"आणि विष पडायला चार आठवडे."

पुष्करांनी बाजूला ठेवलेला कप पुन्हा उचलला.

"फेरतपासणी?"

"एका प्ररूपाची तपासणी एकदाच. नाहीतर तिळतिळ करत कातडं संपून जाईल. पहिला तुकडा त्या प्राण्याचा नव्हताच, असं कुणी पुराव्यानं दाखवलं तरच दुसरी."

"तुकडा कुठून घेता तुम्ही?"

"शेपटीतून. लांब असते, सुटी असते, चिमट्यात सहज येते. अंगाला हात लावावा लागत नाही."

ऋजुता फक्त "बरं" म्हणाली आणि तिनं फोन ठेवला.

आईचा तो लेख कॉलेजच्या वार्षिक अंकात छापला होता. अकरा पानं, पिवळी पडलेली. ऋजुता लाल पेन्सिल घेऊन बसली आणि मुद्रितं तपासावीत तसा तिनं तो वाचला, आईचा म्हणून नव्हे. चौथ्या पानावर पेन्सिल थांबली. 'शेपटी शरीरापेक्षा लांब, मुळापासून केसाळ. टोकाशी पांढऱ्या केसांचा ठळक झुपका.'

केंद्रानं प्ररूपाचं छायाचित्र सगळ्यांसाठी खुलं ठेवलं होतं. तिनं ते मोठं करून पाहिलं. राखाडी, मऊ अंगाचं, मोठ्या कानांचं कातडं. मागे शेपटी, बोडकी आणि खवलेदार, स्वयंपाकघरातून पळून जाताना दिसते तशी.

यंत्रानं लेख वाचला नव्हता, वाचायचं त्याला कारणच नव्हतं. छत्तीस वर्षांत माणसांनीही लेख आणि कातडं शेजारी ठेवून पाहिलं नव्हतं. पाचव्या प्रकरणातला मामा नवव्यात आरामात चहा पीत बसला होता.

आणि ऋजुताला ते सगळं आठवत होतं, निदान निम्मं.

त्यांच्या घरी पडवीत पापडांशेजारी उंदरांची कातडी वाळत. मऊ लाकडाच्या फळीवर, टाचण्या टोचलेली. ती सात वर्षांची होती. त्यातलं एक कातडं तिला फार आवडलं, त्या झुपक्यामुळे. शेजारच्या तेजूला दाखवायला तिनं ते फळीवरून काढलं आणि शेपटी मुळापासून तुटली. शेपटी कठड्यावर ठेवून ती डिंक आणायला आत पळाली. बाहेर आली तोवर ती कावळ्यानं उचलली होती. आई कॉलेजातून येईपर्यंत ती रडत होती, आणि आई आल्यावर आणखीच रडली. आई रागावली नाही. 'जा, तोंड धू. मी बघते काहीतरी,' एवढंच म्हणाली. सकाळी फळीवर कातडं होतं, त्याला शेपटी होती. आईला काहीही करता येतं, असं तिला त्या दिवशी वाटलं. त्याच दिवशी ते कातडं पार्सलनं संग्रहालयाकडे गेलं.

आईच्या वह्या कपाटात सालवार लावलेल्या होत्या. २००५ ची वही, मे महिना. पेन्सिलनं, बारीक अक्षरात लिहिलं होतं:

'नमुना क्र. १ ची शेपटी गेली. स्वयंपाकघरात धरलेल्या काळ्या उंदराची लावली, तात्पुरती. शेपटीवाचून नमुना घेत नाहीत आणि दुसरा धरायला आता पावसाळा, दिवाळीपर्यंत समुद्र बंद. मापं व वर्णन मूळ शेपटीचं, ताजं असताना घेतलेलं. ऋ. फार रडली. संग्रहालयाला कळवणे.'

पुढे झाल्याची खूण नव्हती.

ऋजुतानं पुढच्या वर्षाची वही काढली. आईच्या प्रत्येक वहीच्या पहिल्या पानावर राहिलेल्या कामांची यादी असे. २००६: छपराची कौलं. ऋ.चा शाळेचा दाखला. संग्रहालयाला कळवणे. २०१३: चष्मा. कॉलेजच्या सूक्ष्मदर्शकाची भिंगं. संग्रहालयाला कळवणे. कौलं झाली, दाखला झाला, चष्मे चार वेळा झाले. ती एक ओळ दर वर्षी नव्या पानावर पुन्हा उतरवलेली होती, एकदाही न गाळता. शेवटची वही यंदाची. त्यात एकच पान लिहिलेलं, अक्षर खाली घसरत गेलेलं: 'औषधं. ऋ.ला सांगणे. संग्रहालयाला कळवणे.'

का कळवलं नाही? स्वतःच्या नावाला जपून, की शेपटी कुणी मोडली ते लिहावं लागेल म्हणून? वहीत नव्हतं. ऋजुतानं ते आपल्या मनानं भरलं नाही. मूळ प्रतीत नाही ते घालायचं नाही, हा तिच्या कामातला पहिला नियम होता. तिनं ३७ वह्या परत ओळीनं लावल्या आणि संध्याकाळपर्यंत त्यांच्यासमोर बसून राहिली.

"बाईंनी?" फोनवर ऋजुतानं वहीतली ओळ वाचून दाखवली तेव्हा पुष्कर म्हणाले. "जोडलेला नमुना? बाईंनी?"

"हो."

पुष्करांनी उठून दार लावलं. मग ते हळू आवाजात बोलू लागले, शेजारच्या खोलीत कुणी ऐकत असल्यासारखे.

"ऋजू, आता नीट ऐक. बाईंच्या नावावर आणखी दहा जाती आहेत. दोन पाली, एक चिचुंद्री, बाकी वटवाघळं. एका नमुन्यात माणसाची चूक सिद्ध झाली की नियमानं त्या माणसाची बाकी सगळी नावं संशयित यादीत जातात. चाळीस वर्षांचं काम. आणि हे तुला सांगायचं नव्हतं, पण नव्या सभागृहाला त्यांचं नाव द्यायचं ठरलंय. पुढच्या महिन्यात कार्यक्रम आहे. तू ही वही बाहेर काढलीस, तर सभागृह सोड. लोक त्यांना एकाच गोष्टीसाठी लक्षात ठेवतील. परकी शेपटी लावणारी बाई."

"आणि नाही काढली तर?"

"तर एका बेटावरचा एक उंदीर जाईल, जो तिथे आहे की नाही हेसुद्धा आपल्याला माहीत नाही." त्यांनी आवाज आणखी खाली आणला. "वही कुणी पाहिलीय?"

"मी पाहिलीय," ऋजुता म्हणाली.

त्या रागातच तिनं नामकरणाची आंतरराष्ट्रीय नियमावली वाचायला घेतली. कायद्याची भाषा तिला नवी नव्हती. कायद्यावरचे दोन टीकाग्रंथ आणि एक कोश तिनं सूचीसकट तपासले होते. तिसऱ्या दिवशी सापडलं. प्ररूप एकाहून जास्त प्राण्यांच्या भागांचं निघालं, तर परका भाग कोणता ते छापून जाहीर करायचं आणि तो वगळायचा. उरलेलं ते प्ररूप. नाव कायम राहतं. नियम तिला ओळखीचा वाटला. पुस्तकांच्या जगात याला शुद्धिपत्र म्हणत. शेवटी लावलेलं शुद्धिपत्र बघून कुणी पुस्तक जाळत नाही. उलट ज्या पुस्तकाला ते असतं, त्यावर ती जास्त विश्वास ठेवायची.

"पण हे जाहीर करायचं कुणी?" पुष्करांनी फोनवर विचारलं. "मी नाही करणार ऋजू. माझ्या हातून नाही होणार."

"लिहील त्यानं. पदवीची अट मला कुठे सापडली नाही. कॉलेजचा अंक या आठवड्यात छापायला जातोय, त्यात मी एक पान मागितलंय."

शुद्धिपत्रानं शेपटी परकी आहे हे सिद्ध होणार होतं. उरलेलं कातडं कुणाचं, हे दाखवायला बेटावरचा जिवंत पुरावा हवा होता, आणि तो शेंगदाण्यानं मिळत नव्हता. आईच्या वहीत ती कृतीही होती, एखाद्या पदार्थासारखी लिहिलेली. नारळाची करवंटी. आत मूठभर जवळा, तव्यावर किंचित करपवलेला. करवंटीच्या कडेला फणसाचा चीक. कपारीच्या तोंडाशी ठेवायची, पूर्ण ओहोटीला, दिवसा. हा उंदीर रात्रीचा नव्हे. समुद्र मागे हटला की खेकडे टिपायला निघतो. तोंड आत घालतो, जवळा खातो, चार केस चिकाला देऊन जातो. पिंजरा नको, मारायला नको. शेजारी एक वाक्य होतं: 'पहिल्या नमुन्यानंतर एकही मारला नाही. मारवेना.'

गिरपांनी फणसाला कोयत्यानं चिरा दिल्या आणि चीक स्वतः काढून दिला. होडीचं इंजिन आता बॅटरीवर चालायचं, त्याचा आवाज यायचा नाही, आणि गिरपांना ते मुळीच आवडत नव्हतं.

"मुकी झाली गो होडी. पूर्वी पक्ष्यांका कळायचा, उंदीरमामा येता म्हणान."

काळथर म्हणजे समुद्रातून वर आलेला काळा, भेगाळलेला दगड. झाड एकही नाही. खडकात दहा करवंट्या लावून दोघं एका शिळेआड बसली. पाणी उतरत गेलं. शेवाळ उघडं पडलं, खेकडे तुरुतुरु चालू लागले. तासभर काहीच झालं नाही. ऋजुताला वाटलं, पुष्करदादाच खरा. इथे काही नसेल. आईनं एकदा पाहिला असेल आणि तो शेवटचा असेल.

गिरपांनी तिच्या कोपराला बोट लावलं.

"थयं बघ," ते श्वासात म्हणाले. "माझो नातू इलो."

कपारीतून आधी कान आले, अंगाच्या मानानं भलतेच मोठे. मग राखाडी अंग. आणि मग शेपटी, उभी धरलेली, टोकाला पांढरा झुपका, समईतल्या न पेटवलेल्या वातीसारखा. उंदीर करवंटीत शिरला. झुपका बाहेर हलत राहिला.

कठड्यावर ठेवून ती डिंक आणायला आत पळाली होती, तो हाच झुपका. छत्तीस वर्षांनी तो जिथल्या तिथे होता. ऋजुतानं तोंडावर हात दाबला. आई गेल्यापासून ती रडली नव्हती. आताही आवाज झाला नाही, पण गिरपांनी मान वळवून समुद्राकडे बघायला सुरुवात केली.

"तुझी आवस हयच बसायची," तिकडे बघतच ते म्हणाले. "आणि एक सांगू? येताना दर खेपेक म्हणायची, गिरपानू, एक काम रवला हा माझा. मी म्हणायचंय, कसला काम बाईनू? ता काय कधी सांगल्यान नाय."

"मला सांगितलंय," ऋजुता म्हणाली.

सुनावणी एकवीस फेब्रुवारीला पुण्यात झाली. आक्षेप समितीच्या अध्यक्ष निवृत्त न्यायाधीश देवस्थळीबाई होत्या, त्यांच्या उजव्या हाताला पुष्कर. समोर काचेच्या पेटीत ते कातडं. ऋजुतानं ते छत्तीस वर्षांनी पाहिलं. तिला वाटलं होतं त्याहून खूप लहान होतं.

कॉलेजच्या अंकातलं छापील पान तिनं उभं राहून वाचलं. 'शुद्धिपत्र. क्रेम्नोमिस गिरपी या जातीच्या प्ररूपाची शेपटी परकी असून ती येथे वगळण्यात येत आहे.' खाली कारण, तारीख, आईच्या वहीतली ओळ जशीच्या तशी. 'ऋ. फार रडली' हेही.

"या नोंदीतली ऋ. कोण?" देवस्थळीबाईंनी विचारलं.

"मी."

"म्हणजे शेपटी तुम्ही मोडलीत?"

"हो."

"आणि तुमच्या आईंनी दुसरी लावून नमुना पाठवला. शास्त्रज्ञ असून."

"आई असून," ऋजुता म्हणाली. "त्या वेळी दोन्ही होती."

पुष्करांनी खाली बघितलं. सहाय्यकानं भिंगातून शेपटीच्या मुळाशी पाहिलं आणि टाक्यांचा दोरा वेगळा असल्याचं सांगितलं. दुसऱ्या तपासणीला परवानगी मिळाली. या वेळी तुकडा मागच्या पावलाच्या तळव्यातून घेतला. सोबत ऋजुतानं आणलेले केस दिले. यंत्राची पंधरा मिनिटं सुरू झाली. कुणीतरी चहा आणला, तो कुणी प्यायलं नाही.

पडद्यावर ओळी उमटल्या. तळवा आणि बेटावरचे केस: एकच जाती. काळ्या उंदराशी फरक: हजारी एकशे बारा. इतर कोणत्याही ज्ञात जातीशी जुळत नाही.

पुष्कर खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. "बाई," ते पुटपुटले, आणि ते देवस्थळीबाईंना उद्देशून नव्हतं.

नाव परत आलं. विषाचा आदेश त्याच बैठकीत थांबवला गेला. सगळे उठू लागले तेव्हा सहाय्यकानं एक अर्ज ऋजुतापुढे सरकवला.

"चुकीच्या कारणाचा रकाना राहिलाय. पर्याय निवडा, म्हणजे फाइल बंद होईल."

पर्याय तीन होते. निष्काळजीपणा. हेतुपुरस्सर फसवणूक. अज्ञात.

"अज्ञात निवड," पुष्कर घाईनं म्हणाले. "पहिल्या दोनांपैकी काहीही निवडलंस की बाकीच्या दहा जाती संशयित होतील. अज्ञात म्हटलं की काही होत नाही. बाईंचं नाव वाचेल."

"पण ते अज्ञात नाही. मला माहीत आहे."

"ऋजू, हा नुसता रकाना आहे!"

"मी आयुष्यभर नुसते रकानेच तपासलेत, दादा." ती देवस्थळीबाईंकडे वळली. "निष्काळजी माणूस दर वर्षी तेच काम पुन्हा यादीत लिहीत नाही. फसवणारा माणूस वहीत लिहून ठेवत नाही. आणि मला माहीत असलेलं मी अज्ञात म्हणणार नाही. मला चौथी जागा द्या."

"यंत्रात चौथी जागा नाही," सहाय्यक म्हणाला.

"मग हातानं लिहिते."

तिनं लाल पेन्सिल काढली आणि तीन पर्यायांच्या खाली, समासात, लिहिलं: 'सात वर्षांची मुलगी रडत होती.'

देवस्थळीबाईंनी चष्मा सारखा करून ते वाचलं.

"अहो, हे कारण होऊ शकत नाही."

"झालं होतं," ऋजुता म्हणाली.

देवस्थळीबाईंनी नियमांचं पुस्तक उघडलं, दोन पानं उलटली, आणि सहाय्यकाला म्हणाल्या, "कारण ठरत नाही तोवर फाइल चालू राहते ना? आणि फाइल चालू असेतो इतर नावांना हात लावता येत नाही?"

"नाही लावता येत, मॅडम. पण मग ती कधीच बंद होणार नाही. यंत्र दर सोमवारी अर्ज परत पाठवेल."

"पाठवू दे," देवस्थळीबाई म्हणाल्या आणि त्यांनी कागदाखाली सही केली.

सभागृहाला दुसऱ्या कुणाचं तरी नाव दिलं गेलं. काही जणांनी परकी शेपटी लावणारी बाई असं लिहिलंही, पुष्कर म्हणाले होते तसंच. ऋजुतानं ते वाचलं, त्यातल्या दोन चुका मनात दुरुस्त केल्या आणि पान उलटलं. मालवणच्या घरी, यंदाच्या वहीत, तिनं आईच्या शेवटच्या दोन ओळींपुढे खुणा केल्या. मेमध्ये सुरय आले. गिरपांनी फोन करून सांगितलं की काळथरवर पाय ठेवायला जागा नाही, अंडीच अंडी, आणि त्यांचे नातू मधूनच खेकडे घेऊन पळतात, अंड्यांकडे ढुंकून बघत नाहीत.

केंद्राचा अर्ज अजूनही दर सोमवारी सकाळी येतो. 'कारण अमान्य. कृपया योग्य पर्याय निवडून पुन्हा पाठवा.' ऋजुता चहा बाजूला ठेवते, अर्ज वरपासून खालपर्यंत नीट वाचते, आणि एकही अक्षर न बदलता परत पाठवते.